बिभीषण तात्यांची दोन तिकिटं

मिरजगावात बिभीषण तात्यांना ओळखत नाही असा माणूस म्हणजे एक तर बँकेत नुकताच बदलून आलेला साहेब, नाहीतर ज्याच्या दारात कधी जनावर बांधलेलंच नाही असा कुणीतरी. बाकी सगळा तालुका त्यांना ओळखतो. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. घरची सहा एकर जिराईत आहे, ती त्यांच्या मंडळी बायडाकाकू बघतात. तात्यांना तुरीचा आणि ज्वारीचा काही लळा नाही. पासष्टी गाठली तरी दात बघून बैलाचं वय, चाल बघून त्याची खोड आणि तोंड बघून मालकाची गरज सांगतात, आणि तिन्ही बरोबर निघतं.

माझं स्टँडजवळ पेंडीचं दुकान आहे. सरकी, शेंगपेंड, भुसा, असला माल. बाजार नसेल त्या दिवशी तात्या येऊन पोत्यावर बसतात, चहा माझा पितात आणि अक्कल मला फुकट देतात. मी त्यांच्या पटक्याला नावं ठेवतो, ते माझ्या तराजूला. पंधरा वर्षं हे असंच चाललं आहे आणि एखादा दिवस ते आले नाहीत की मला दुकानात करमत नाही.

त्यांचा सौदा एकदा बघायला हवा. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली, वरून काही दिसत नाही, आत बोटं धरून आकडे चाललेले. तोंडानं मात्र पाऊसपाणी, पोरीबाळी, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, असलं काहीतरी. बोटं जुळली की टाळी द्यायची. टाळी पडली की आकडा पक्का. मग त्यात रुपया वर नाही, रुपया खाली नाही. खर्ड्याकडच्या एका मालकानं एकदा टाळी झाल्यावर कासऱ्याचे शंभर वेगळे मागितले. तात्यांनी बैलाच्या गळ्यातला कासरा सोडला, त्याच्या खांद्यावर टाकला आणि बैल आपल्या उपरण्यानं बांधून नेला. त्या माणसाच्या गोठ्यात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

आणि दुसरी एक रीत. आकडा जमत नसेल तर उठायचं आणि चालू लागायचं. पाठ फिरवली की समोरचा हाक मारतो. पण पहिल्या हाकेला मागं वळायचं नाही, कारण पहिली हाक नुसती हाक असते. दुसऱ्या हाकेत भाव उतरलेला असतो. हे ज्ञान त्यांनी मला किती वेळा दिलं असेल ते सांगता येणार नाही. मी ते पेंडीच्या व्यापाऱ्यांवर वापरून पाहिलं आहे आणि खोटं कशाला बोलू, चाललंही आहे.

वैजनाथ त्यांचा एकुलता मुलगा. लहानपणापासून त्याच्या हाताला गप्प बसणं माहीत नव्हतं. पेंडीचा रिकामा डबा, गोठ्यातलं टोपलं, शाळेतला बाक, जे सापडेल ते वाजवायचा. पुढं ढोलकी शिकला, जत्रेतल्या पार्ट्यांबरोबर वाजवायला लागला. तात्यांना ते आवडत नव्हतं असं नाही, पण पोट भरण्याचा धंदा म्हणून ते त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. चार वर्षांपूर्वी दहा जणांचे पाय धरून त्यांनी त्याला साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटवलं. पंधराव्या दिवशी वैजनाथ घरी आला आणि जेवताना म्हणाला की नोकरी सोडली, पुण्याच्या एका लोकगीतांच्या संचात कायमचा चाललोय.

तात्यांनी ताटात हात धुतला, उठले आणि बाजाराला निघून गेले. चार-आठ दिवसांत पोरगा मागं येईल, हाक मारील, अशी त्यांची खात्री होती. पोरगा त्यांचाच. तोही आला नाही.

काकूंशी तो फोनवर बोलायचा. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावलेला असायचा आणि तात्या पलीकडं भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन, जणू कुठून उडत बातमी आलीय अशा थाटात सांगायचे की संच आता नाशिकला गेलाय, की मुंबईत मोठ्या थेटरात लागलाय. मी विचारायचो, कुणाचा संच? मग ते पेंडीच्या भावावर घसरायचे.

यंदा माघात तो संच नगरला येणार असं कळलं. रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम, एकच. वैजनाथनं आईला फोनवर सांगितलं की दोन पास ठेवतो, फक्त बुधवारपर्यंत कळव, पास मोजके असतात. काकूंनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवली, नको म्हणून. काकूंनी तरी दोनदा विचारलं. बुधवार उलटला.

गुरुवारी सकाळी तात्या दुकानात आले ते पोत्यावर बसलेच नाहीत. काउंटरवर हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, दोन तिकिटं काढून दे. मी विचारलं, पास का घेतला नाही?

“पासावर कोन बी बसतंय, सुनील. त्येला कळलं पायजे, बापानं तिकीट काढलंय. इकत घेऊन बसलाय.”

मला त्यांचं मन एवढं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं. माफी मागणं ह्या माणसाला येत नाही. तिकीट काढता येतं. मी गिऱ्हाईक बाजूला बसवलं आणि मोबाईल काढला.

तिकीट फक्त मोबाईलवरच मिळत होतं. थेटराच्या खिडकीवर विक्री नाही, असं जाहिरातीतच ठळक लिहिलेलं. ॲप उतरवलं, नंबर टाकला, शहरांच्या यादीत अहमदनगर शोधत बसलो, मग लक्षात आलं की आता अहिल्यानगर बघायला हवं. थेटराचा नकाशा उघडला. हिरव्या खुर्च्या मोकळ्या, करड्या गेलेल्या. करड्याच जास्त होत्या. कोपऱ्यात आठ मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. तात्यांना ते घड्याळ अजिबात आवडलं नाही. बाजारात कुणी उरावर घड्याळ धरून सौदा करत नाही, म्हणाले. मला तर ते आकडे पळताना बघून उगाचच घाम फुटला.

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या कमी असलेली रांग बघितली. सातव्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या सापडल्या. चारशेला एक, दोघांचे आठशे. तात्यांनी खुर्च्यांवर बोट ठेवलं, आकडा दोनदा वाचला आणि माझ्या तळहातावर टाळी दिली. त्यांच्या हिशेबी सौदा झाला.

मी पुढचं बटण दाबलं आणि आठशेचे नऊशे सदुसष्ट रुपये अठ्ठावीस पैसे झाले.

तात्यांनी विचारलं, कुणी वाढवले? मी खालच्या बारीक ओळी उघडल्या. सोयीची फी शहाण्णव रुपये. त्या फीवर जीएसटी. हाताळणीचे वीस, आता मोबाईलवर येणाऱ्या तिकिटाला हाताळतो कोण देव जाणे. तिकिटाचा विमा तीस, तो आम्ही मागितला नव्हता, पण टिकमार्क आधीच मारून ठेवलेला. आणि कुठल्याशा चांगल्या कामाला चार रुपये देणगी, तीही आमच्या वतीनं देऊन टाकलेली. मी विमा काढला, देणगी काढली. नऊशे तेहतीस राहिले. बाकीचं निघेना.

इथं माझं डोकं फिरलं आणि मी जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं. सोय नक्की कुणाची झाली? खिडकी ह्यांनी बंद केली. मोबाईल माझा, नेट माझं, बोट माझं, वेळ माझा आणि सोयीची फी ह्यांना. एवढंच घ्यायचं होतं तर पहिल्याच पानावर चारशे सदुसष्ट लिहा ना. माणसाला खुर्ची दाखवायची, घड्याळ लावून घाबरवायचं, त्याचं मन तिथं बसलं की मग गुपचूप हात खिशात घालायचा. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. तात्या ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो खर्ड्याचा कासरावाला उभा राहिलेला मला दिसत होता.

“टाळी झाल्यावर वाढवत्यात व्हय? ठिव खाली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, अजून तीन मिनिटं आहेत. पण म्हणायचं म्हणून म्हटलं. मलाही त्या ॲपला धडा शिकवायचा होता. दोन खुर्च्या सोडल्या आणि मोबाईल पेंडीच्या पोत्यावर पालथा टाकला. तात्या उठले आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

हसू नका. बाजारात चाळीस वर्षांत असं उठून गेल्यावर मागून हाक आली नाही असं ज्याच्या बाबतीत एकदाही घडलं नव्हतं, त्या माणसाची ही गोष्ट आहे.

आणि हाक आली, हीच तर खरी रड. तासाभरानं मोबाईल वाजला. ॲपचा मेसेज होता, तुमच्या खुर्च्या अजून तुमची वाट बघत आहेत. टपरीवरून परतून पोत्यावर बसलेल्या तात्यांना मी तो वाचून दाखवला. त्यांचे डोळे असे काही चमकले की विचारू नका. मी म्हटलं, घेऊन टाकू का? त्यांनी हातानंच थांबवलं. ही पहिली हाक होती.

मी ऐकलं. कबूल करतो, मी त्यांना अडवू शकत होतो. पण मागं एकदा चपला घेताना मी असाच मध्येच सोडून दिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच चपलांवर पंधरा टक्के सूट आली होती. मला वाटलं, तात्यांचा बाजार आणि हा बाजार शेवटी एकच. दुपारी दोन पोती सरकी गेली, एक माणूस उधारीवरून वाद घालून गेला, मेसेज काही आला नाही. चार वाजता तात्यांनीच विचारलं की जरा बघतोस का. मी नकाशा उघडला. सातवी रांग करडी. आठवी करडी. वरपासून खालपर्यंत एक हिरवी खुर्ची नाही. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं की सर्व तिकिटं संपली आहेत.

तात्यांनी मोबाईल हातात घेतला आणि नकाशा बोटानं खालीवर सरकवत राहिले. त्यांना सरकवता येत नाही, तरी सरकवत राहिले. मग मोबाईल परत दिला, पटका सारखा केला आणि घरी गेले. हजार रुपये काउंटरवरच राहिले होते. मला ते उचलून त्यांच्या मागं जायचा धीर झाला नाही.

शुक्रवार आणि शनिवार कसे काढले ते माझं मला माहीत. दर दहा मिनिटांनी मी तो नकाशा उघडत होतो. शुक्रवारी दुपारी एक खुर्ची हिरवी झाली. घाईत माझं बोट दुसऱ्याच खुर्चीवर पडलं, आणि बरोबर खुर्ची दाबेपर्यंत ती करडी झाली. तेव्हा फीचा विचारसुद्धा मनात आला नाही. दोन हजार म्हटले असते तरी मी दिले असते. माणसाला असं करून सोडतात हे लोक, आणि वर त्याला सोय म्हणतात.

काकूंना तात्यांनी तिकिटं काढतो एवढंच सांगितलं होतं, मिळाली नाहीत हे सांगितलेलं नव्हतं. शनिवारी काकू स्वतः दुकानात आल्या, त्या सहसा येत नाहीत. जांभळं लुगडं इस्त्रीला देऊन आल्या होत्या. वैजनाथसाठी शेंगदाण्याचे लाडू करायचेत, गूळ चांगला कुठं मिळेल विचारत होत्या. मग थोडं जवळ येऊन त्यांनी विचारलं की खुर्ची कितव्या रांगेत आहे, तिथून त्याचं तोंड दिसेल का.

मी म्हटलं, सातव्या. दिसेल.

खोटं बोलण्याची मला सवय नाही असं नाही, दुकानदार आहे. पण ते बोलल्यावर मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी तात्यांना गाठलं आणि म्हटलं, वैजनाथला फोन करू, तो काहीतरी करील. तात्या म्हणाले की पास नको म्हणून आपणच सांगितलं, आता कुठल्या तोंडानं मागायचा. मग म्हणाले, उद्या गाडी काढ, जाऊन तर बघू. जाऊन काय बघणार हे त्यांनाही माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी दोनला माझ्या जुन्या गाडीतून निघालो. मागं काकू, मांडीवर लाडवांचा डबा, अंगावर जांभळं लुगडं. त्या इतक्या खुशीत होत्या की रस्त्यावरचं प्रत्येक गाव नव्यानं बघितल्यासारखं बघत होत्या. पुढं आम्ही दोघं, कोर्टात तारखेला निघाल्यासारखे. निम्मा रस्ता सरला तेव्हा तात्यांनी मागं न बघता सांगून टाकलं.

“तिकीट न्हाई आपल्याकडं. मिळालं न्हाई.”

काकूंना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. मी मोठ्यानं सांगणार होतो, तोच त्यांनी विचारलं की मग सातवी रांग कुणाची होती. मी आरशातून बघितलं नाही. सगळं सांगितलं, फी, घड्याळ, पहिली हाक, सगळं. काकू डबा धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या की बैल विकायला गेला होता का तुम्ही दोघं. त्यांनी त्यांच्या छोट्या फोनवरून वैजनाथला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कार्यक्रमाच्या आधी ही मंडळी फोन बंद ठेवतात हे आम्हाला नंतर कळलं.

थेटरापाशी पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागलेली होती. दारात काळ्या शर्टातला एक माणूस प्रत्येकाच्या मोबाईलवर यंत्र धरून आत सोडत होता. मी त्याला विनवलं, वाजवणाऱ्याचे आईवडील आहेत म्हणून सांगितलं. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, सकाळपासून अकरा जण नातेवाईक म्हणून येऊन गेलेत.

मग मी रांगेत एकेकाला विचारत सुटलो, जादा तिकीट आहे का. आयुष्यात कुणाकडं असं काही मागितलं नव्हतं. कुणी मान हलवली, कुणी बोललंच नाही, एका बाईनं पर्स जवळ धरली. तात्या रस्त्याच्या कडेला काकूंजवळ उभे होते. बाजारात ज्या माणसाला बघून चार जण उठून जागा देतात, तो तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून देत मागं मागं सरकत होता. ते बघून मला माझी आणि त्या ॲपची, दोघांचीही चीड आली. पावणेचार झाले. रांग आत गेली. फाटकात पाच-सहा जण राहिले.

त्यातली एक मुलगी फोनवर कुणावर तरी वैतागली होती. कॉलेजातली असावी. तिच्या मैत्रिणीचा यायचा बेत ऐनवेळी रद्द झाला होता. मी धावलो. एक तिकीट आहे का म्हटलं. आहे म्हणाली, पण शेजारीच बसावं लागेल, तिकीट माझ्याच मोबाईलवर आहे. किती द्यायचे? तिनं मोबाईल बघून सांगितलं, चारशे सहासष्ट. फी धरून. मी पाचशेची नोट दिली, उरलेले राहू द्या म्हटलं. तिनं तरी पर्समधून मोजून चौतीस परत केले.

एकच तिकीट. तात्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढं केलं. चारचौघांत काकूंच्या अंगाला त्यांचा हात लागलेला मी पहिल्यांदा बघितला. काकू जायला तयार होईनात. एकटी कधी कुठं बसले नाही म्हणाल्या. तेव्हा त्या मुलीनं काकूंचा दंड धरला आणि म्हणाली, चला आजी, मी आहे. यंत्र दोनदा वाजलं आणि दोघी आत गेल्या. लाडवांचा डबा आत न्यायला परवानगी नव्हती. तो तात्यांच्या हातात राहिला.

दार लागलं. तात्या म्हणाले, झालं, बसू गाडीत. पण गाडीकडं न जाता ते थेटराच्या कडेकडेनं चालायला लागले, मी मागोमाग. मागच्या बाजूला संचाचा टेम्पो उभा होता. सामान न्यायच्या दाराला विटेचा तुकडा लावून ते जरासं उघडं ठेवलेलं. आत अंधार आणि कापडाचा पडदा, बाकी काही दिसत नव्हतं. आवाज मात्र स्वच्छ येत होता.

पेटी सुरू झाली. मग ढोलकी पडली. मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, हा हात त्याचा नव्हे. मला आश्चर्य वाटलं, कारण मला दोन्ही सारख्याच वाटल्या असत्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ढोलकी जरा उशिरा आली, दबकत आली आणि मग अशी सुटली की आतून शिट्ट्या ऐकू आल्या.

“ह्यो,” तात्या म्हणाले.

दोन तास ते त्या दाराशी उभे होते. मी टेम्पोच्या पायरीवर बसायला सांगितलं, बसले नाहीत. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. एका गाण्याला आतल्या लोकांनी पुन्हा, पुन्हा म्हणून ओरडून ते परत वाजवायला लावलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं की आत किती माणूस असेल. मी म्हटलं, सातशे तरी. त्यांनी ओठांतल्या ओठांत सातशे म्हणून बघितलं. मी नाक शिंकरायचं निमित्त काढून पलीकडं गेलो.

सहा वाजता लोक बाहेर पडले. त्या मुलीनं काकूंना शोधत शोधत मागच्या बाजूला आणून सोडलं. काकूंचे डोळे सुजलेले होते आणि त्या हसत होत्या. तोंड दिसलं, म्हणाल्या. सगळं तोंड दिसलं. सातवी रांग नव्हती, बारावी होती, तरी दिसलं.

थोड्या वेळानं त्या दारातून संचाची माणसं सामान घेऊन यायला लागली. वैजनाथ शेवटी आला, खांद्याला ढोलकीची पिशवी. दाढी राखली होती, अंगानं भरला होता. आईला बघून त्यानं पिशवी खाली ठेवली. काकूंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग त्याला तात्या दिसले. तो जागचा हलेना आणि तात्याही हलेनात. दोघांच्या मध्ये दहा पावलं असतील. मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवतो आणि चालायला लागतो.

तात्या चालायला लागले, पण त्याच्याकडं. जवळ जाऊन डबा पुढं केला.

“मला तिकीट मिळालं न्हाई,” ते म्हणाले. “समदी खपल्याली. लई माणूस हुतं.”

वैजनाथनं डबा घेतला. तो बापाकडं बघत राहिला. बाप रागानं म्हणतोय, की टोमणा मारतोय, की आणखी काही, हे तो चेहऱ्यावर शोधत होता. त्याला काय सापडलं ते मला सांगता येणार नाही. त्यानं खाली वाकून तात्यांच्या पायांना हात लावला आणि उठताना बाहीनं डोळे पुसले.

“व्हय तात्या. फुल्ल हुतं आज.” मग आवाज सावरून म्हणाला, “फुडच्या ऐतवारी राहुरीला हाय. पास ठिवतो दोघांचं.”

“पास नगं,” तात्या म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “सुनील, मोबाईल काढ.”

तिथंच टेम्पोला टेकून मी राहुरीचा नकाशा उघडला. वैजनाथ एका बाजूनं वाकून बघत होता, तात्या दुसऱ्या. पाचव्या रांगेत दोन खुर्च्या मिळाल्या, इथंही चारशेला एक. कोपऱ्यात घड्याळ धावायला लागलं. मी पुढचं बटण दाबलं आणि आठशेचा आकडा पुन्हा फुगला. सोयीची फी होतीच, ह्यावेळी शंभराच्या वर. एवढ्या चांगल्या घटकेला विघ्न नको म्हणून मी अंगठ्यानं ती ओळ झाकली.

तात्यांनी माझा अंगठा धरून बाजूला केला. आकडा नीट वाचला, पैशांसकट.

“भर,” ते म्हणाले.